समुद्राचा एक-चौदा

महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला आमच्या गोव्यात एक-चौदाचा उतारा म्हणतात. जमीन कोणाची, कूळ कोण, पीक कसले, हे सगळे त्या कागदावर. उताऱ्यावरून भाऊबंदकी होते, कोर्टकचेऱ्या होतात, पिढ्या संपतात. पण भांडायला निदान कागद तरी असतो. समुद्राला असला कागद नाही. समुद्र कोणाचा याला कायद्याचे उत्तर आहे: बारा सागरी मैलांपर्यंत देशाचे स्वतःचे पाणी, दोनशे मैलांपर्यंत देशाचा आर्थिक हक्क. पण समुद्रातले कूळ कोण? म्हणजे तिथे रोज जाऊन पोट कोण भरतो, कुठे जाळे टाकतो, कुठल्या महिन्यात टाकतो? ही नोंद सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही. समुद्रात नुसत्या होड्या फिरत असतात तोपर्यंत यावाचून काही अडत नाही. कोणीतरी तिथे खांब रोवायला निघाला की मात्र अडते.

अलीकडचा असा खांब रोवण्याचा उद्योग म्हणजे समुद्रातल्या पवनचक्क्या. समुद्रावर वाऱ्याला अडवायला डोंगर नाहीत की घरे नाहीत, त्यामुळे तो जमिनीपेक्षा जोरात आणि सलग वाहतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते, म्हणून थोडा जास्त वेगही फार मोलाचा. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे किनाऱ्याजवळच्या पाण्यात ११ चक्क्या उभ्या केल्या. प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या, म्हणजे आजच्या मानाने खेळणीच. त्या पंचवीस वर्षे चालल्या आणि २०१७ साली उतरवल्या. एव्हाना ब्रिटन, जर्मनी, चीन यांनी समुद्रात पवनचक्क्यांची रानेच्या राने उभी केली होती. यंत्राचा प्रश्न बराचसा सुटला. पण एखाद्या देशाने पहिल्यांदा हा उद्योग करायचा म्हटला की दर वेळी तेच कोडे पुढे येते: जागा कोणी ठरवायची, परवानगी कोणी द्यायची आणि त्याआधी विचारायचे कोणाला?

या कोड्याचा इतिहास वाचायचा तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची दोन राज्ये पाहावीत, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड. दोन्ही शेजारी. दोन प्रकल्पांच्या जागांमध्ये सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर. समुद्र तोच, वारा तोच, माणसेही साधारण तशीच. एकीकडे सोळा वर्षे भांडण होऊन एक पातेसुद्धा फिरले नाही, दुसरीकडे आठ वर्षांत वीज आली.

पहिली गोष्ट केप कॉडची. नकाशात मॅसॅच्युसेट्सचा किनारा कोपरातून दुमडलेल्या हातासारखा समुद्रात गेलेला दिसतो, तो केप कॉड. त्याच्या दक्षिणेला नॅनटकेट आणि मार्थाज व्हिनयार्ड ही बेटे. किनारा आणि बेटे यांच्यामध्ये अडकलेले पाणी म्हणजे नॅनटकेट साउंड. त्याच्या मधोमध पाण्याखाली वाळूचा एक मोठा उंचवटा आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, म्हणून नाव हॉर्सशू शोल. नोव्हेंबर २००१ मध्ये एनर्जी मॅनेजमेंट नावाच्या बॉस्टनच्या कंपनीने जाहीर केले की या उंचवट्यावर आम्ही पवनचक्क्या उभारणार. आधी १७० म्हटल्या, मग १३० वर आल्या. एकूण ४६८ मेगावॅट. कंपनीचे प्रमुख जिम गॉर्डन यांनी त्याआधी गॅसवर चालणारी वीजकेंद्रे उभारली होती. धंदा कळणारा माणूस. प्रकल्पाचे नाव केप विंड.

इंजिनिअरच्या डोळ्यांनी पाहिले तर जागा नामी होती. पाणी उथळ, भोवती जमीन असल्यामुळे अटलांटिकच्या लाटांचा मारा कमी, वारा भरपूर आणि वीज नेण्यासाठी किनारा जवळ. शिवाय कायद्याची एक गंमत होती. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत राज्याचा हक्क, त्यापुढे केंद्राचा. सगळीकडून तीन-तीन मैल मोजत आले की नॅनटकेट साउंडच्या मध्यभागी एक तुकडा उरतो तो केंद्राचा. हॉर्सशू शोल नेमका त्यात.

पण केंद्राकडे तरी काय होते? समुद्रातून तेल काढायचे असते तर १९५३ चा कायदा होता, भाडेपट्टा होता, लिलाव होता. वाऱ्यासाठी काहीच नव्हते. मग शोधून शोधून १८९९ चा नद्या आणि बंदरांचा कायदा काढण्यात आला. जहाजांच्या वाटेत कोणी अडथळा उभा करू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात केलेला हा कायदा, आणि त्याची अंमलबजावणी लष्कराच्या इंजिनिअर खात्याकडे. म्हणजे साठ चौरस किलोमीटरहून मोठा समुद्र एका खाजगी कंपनीला द्यायचा की नाही, हे जेटी बांधायच्या परवान्याच्या अर्जावर ठरणार होते! लिलाव नाही, भाडे नाही, दुसऱ्या कोणाला संधी नाही. ज्याने आधी बोट दाखवले त्याची जागा.

केप विंडची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथून थेट श्रीमंतांच्या बंगल्यांवर उडी मारतात. तो भागही खरा आहे. केनेडी घराण्याची प्रसिद्ध वास्तू याच किनाऱ्यावर. सिनेटर टेड केनेडी आयुष्यभर पुरोगामी राजकारण करत आले, पण या प्रकल्पाला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. पर्यावरणाचे वकील म्हणून गाजलेले त्यांचे पुतणे रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी २००५ साली वर्तमानपत्रात लेख लिहून हीच जागा का नको ते सांगितले. कोळशाच्या धंद्यातले अब्जाधीश बिल कोच यांनी विरोधकांच्या संस्थेला पैसा पुरवला. दूरदर्शनवरचे वयोवृद्ध वॉल्टर क्रॉन्काइट आधी विरोधात बोलले, मग त्यांनी आपला विरोध मागे घेतला. जवळच्या किनाऱ्यापासून चक्क्या सुमारे आठ किलोमीटर लांब दिसणार होत्या, आणि एवढ्यासाठी एवढा गहजब म्हणून जगभर चेष्टा झाली.

चेष्टा करायला सोपी म्हणून ती झाली, असे मला वाटते. त्या गदारोळात दोन गंभीर आक्षेप दडपले गेले. एक म्हणजे वर सांगितलेला, की सार्वजनिक समुद्राची वाटणी कुठल्याही आराखड्याशिवाय एका अर्जावर कशी होते. दुसरा वॅम्पनोआग लोकांचा. हे या किनाऱ्याचे मूळ रहिवासी. त्यांच्या नावाचा अर्थच पहाटेच्या पहिल्या उजेडाचे लोक असा आहे. उगवत्या सूर्याला सामोरे जाणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग, आणि त्यासाठी पूर्वेचे क्षितिज मोकळे लागते. शिवाय आज जिथे समुद्रतळ आहे तिथे हजारो वर्षांपूर्वी जमीन होती, आणि तिथे आपल्या पूर्वजांच्या वस्त्या आणि दफनाच्या जागा आहेत असे त्यांचे म्हणणे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदवहीच्या अधिकाऱ्यांनी नॅनटकेट साउंड हे पारंपरिक सांस्कृतिक स्थळ म्हणून नोंदीस पात्र असल्याचा निर्वाळा दिला. पण तोपर्यंत अर्जाला आठ वर्षे उलटून गेली होती. जागा ठरवताना ज्यांना विचारायला हवे होते त्यांचे म्हणणे जागा ठरल्यावर आठ वर्षांनी दप्तरात आले.

मधल्या काळात कायदा बदलला. २००५ च्या ऊर्जा कायद्याने समुद्रातल्या वाऱ्याचा अधिकार लष्कराकडून खनिज व्यवस्थापन खात्याकडे गेला, म्हणजे तेलविहिरी देणाऱ्या खात्याकडे. पर्यावरणाचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. अंतिम अहवाल जानेवारी २००९ मध्ये आला. राज्यपाल मिट रॉम्नी विरोधात होते, त्यांच्यानंतरचे डेव्हल पॅट्रिक बाजूने. शेवटी २८ एप्रिल २०१० रोजी गृहखात्याचे मंत्री केन सालाझार यांनी मंजुरी जाहीर केली. (तिकडचे गृहखाते म्हणजे पोलीस नव्हेत, जमीन, जंगले, खनिजे त्यांच्याकडे असतात.) योगायोग असा की याच्या आठच दिवस आधी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला होता. त्या प्रकरणात खनिज खात्याची इतकी नाचक्की झाली की ते खातेच मोडून नवीन करावे लागले.

मंजुरी मिळाली तरी चक्क्या उभ्या राहिल्या नाहीत. दावे चालूच होते. ठरलेला विजेचा दर युनिटला १८.७ सेंट आणि दर वर्षी त्यात साडेतीन टक्के वाढ. इकडे जमिनीखालच्या खडकातून काढलेला गॅस स्वस्त होत गेला, तसा हा दर डोळ्यांत खुपू लागला. करारातल्या मुदतीप्रमाणे २०१४ च्या अखेरीपर्यंत पैसा उभा राहून काम सुरू व्हायला हवे होते. ते झाले नाही म्हणताच जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही वीज कंपन्यांनी करार मोडले. डिसेंबर २०१७ मध्ये केप विंडने स्वतःच प्रकल्प संपल्याचे सांगितले.

आता शेजारी जाऊ. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य, आकाराने गोव्याहून थोडेच मोठे. तिथले राज्यपाल डॉनल्ड कार्सिएरी यांनीही समुद्रातून वीज घ्यायची ठरवले होते आणि २००८ साली डीपवॉटर विंड या कंपनीची निवडही केली. पण केप विंडची फरफट त्यांच्या डोळ्यांसमोर होती. राज्याच्या किनारी व्यवस्थापन परिषदेने, तिचे कार्यकारी प्रमुख ग्रोव्हर फ्युगेट यांच्या पुढाकाराने, असे ठरवले की चक्क्यांची जागा मागाहून, आधी समुद्राचा आराखडा. ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या समुद्रशास्त्रज्ञांना हाताशी धरून दोन वर्षे हे काम चालले. जवळपास ३८०० चौरस किलोमीटरचा समुद्र, म्हणजे आपला सगळा गोवा मावून वर जागा उरेल एवढा.

यात काय काय नोंदवले ते पाहण्यासारखे आहे. वारा आणि खोली तर होतीच. त्याशिवाय तळाला वाळू कुठे, खडक कुठे, हिमनद्यांनी ढकलत आणलेल्या दगडगोट्यांच्या राशी कुठे. कारण माशांची पैदास तिथे होते. पक्षी कुठल्या पाण्यावर उतरतात. बुडालेली जहाजे कुठे पडली आहेत. शिडाच्या होड्यांच्या शर्यती कुठल्या मार्गाने होतात. नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांचा या समुद्राशी काय संबंध. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे मच्छीमारांना नकाशापुढे बसवून कोण कुठे, केव्हा, कशाने मासे धरतो ते त्यावर रेखाटून घेणे.

हे अवघड का, ते आमच्या रापणकारांना सांगावे लागणार नाही. मासा कुठे मिळतो ही तांडेलाची खरी मिळकत. ती सरकारच्या कागदावर उतरवायची म्हणजे उद्या त्याच कागदाने आपल्याला बाहेर काढले तर, ही भीती. पण शेजारच्या राज्यात काय चालले आहे ते तेही पाहत होते. नकाशावर नाव नसेल तर जागा मोकळी आहे असे समजले जाते, हे त्यांना कळले असावे. बैठका खुल्या होत्या, विद्यापीठाची माणसे गावात येऊन बसत होती. परिषदेला सल्ला देण्यासाठी मच्छीमारांचे एक मंडळ नेमले गेले. दगडगोट्यांच्या राशी, बुडालेली जहाजे आणि मासेमारीच्या काही जागा विशेष जपणुकीच्या ठरल्या. मग जो पट्टा उरला, ब्लॉक आयलंड नावाच्या बेटाच्या दक्षिणेला, तो पवनऊर्जेचा म्हणून आखला. ऑक्टोबर २०१० मध्ये आराखडा मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी केंद्रानेही त्याला मान्यता दिली.

चक्क्या फक्त पाच. प्रत्येकी ६ मेगावॅट, एकूण ३०. बेटापासून पाच-सहा किलोमीटरवर. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांची वीज सुरू झाली. अमेरिकेच्या समुद्रातला हा पहिला व्यापारी पवनप्रकल्प. त्यांचे पोलादी पाय लुइझियानात बनले, तेलविहिरींचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात. ब्लॉक आयलंडवर बाराही महिने राहणारी माणसे हजारभर. तोपर्यंत बेटाची वीज डिझेलच्या जनरेटरवर, आणि ते डिझेल बोटीने यायचे. चक्क्यांबरोबर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी तार आली आणि १ मे २०१७ रोजी जनरेटर बंद झाले. बेटावरच्या माणसाला या प्रकल्पातून काय मिळाले ते दिव्याचे बटण दाबून कळत होते, आणि विरोध सौम्य राहण्याचे तेही एक मोठे कारण. केप कॉडच्या माणसाला चक्क्या दिसणार होत्या, पण वीज त्याला आधीच येत होती.

सगळे गोडच होते असे नाही. दर युनिटला २४.४ सेंट, म्हणजे केप विंडहून महाग. राज्याच्या वीज आयोगाने मार्च २०१० मध्ये हा करार फेटाळला होता. मग विधिमंडळाने कायदाच बदलला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोच आयोग हो म्हणाला. विरोधकांनी याला दडपेगिरी म्हटले, आणि तसे म्हणायला जागा होती. बेटाच्या किनाऱ्यावर तार पुरेशी खोल पुरली गेली नव्हती. लाटांनी वाळू धुऊन ती उघडी पडली आणि नव्याने पुरावी लागली. मासे मात्र पळाले नाहीत. सात वर्षे जाळी टाकून केलेल्या पाहणीत खांबांच्या आसपास ब्लॅक सी बास हा मासा उलट वाढलेला दिसला. हौशी गळवाले आता मुद्दाम तिथे जातात.

यानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही पद्धत बदलली. आधी केंद्र आणि राज्ये मिळून समुद्राचे पट्टे ठरवणार, मग त्यांचा लिलाव. आमच्याकडे कोमुनिदादीच्या मानशीची पावणी होते तशीच ही पावणी, फक्त अंक मोठे. मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेच्या चार पट्ट्यांची पावणी जानेवारी २०१५ मध्ये झाली, केप विंडचे करार मोडले त्याच महिन्यात. दोन पट्ट्यांना कोणी बोली लावली नाही. एक पट्टा, १,६६,८८६ एकरांचा, अवघ्या १,५०,१९७ डॉलरना गेला. एकराला एक डॉलरसुद्धा नाही. २०१६ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा करून वीज कंपन्यांना १६०० मेगावॅट समुद्री पवनवीज घ्यायला लावले. मग डिसेंबर २०१८ मध्ये तेच न विकलेले पट्टे तीन तुकडे करून पुन्हा काढले, तर प्रत्येक तुकड्याला साडेतेरा कोटी डॉलर आले! समुद्र काही चार वर्षांत बदलला नव्हता. वीज कोणीतरी नक्की विकत घेणार याची हमी तेवढी आली होती. धोरण या शब्दाची किंमत एवढ्या रोखठोक आकड्यात क्वचितच दिसते.

एकराला डॉलरहून कमी दिलेल्या त्या पट्ट्यावर व्हिनयार्ड विंडच्या ६२ चक्क्या मंजूर झाल्या, प्रत्येकी १३ मेगावॅटच्या. मच्छीमारांच्या आग्रहावरून इथल्या सगळ्या कंपन्यांनी २०१९ साली चक्क्या एकेका सागरी मैलाच्या अंतराने सरळ रांगांत लावायचे मान्य केले. जुलै २०२४ मध्ये एक १०७ मीटरचे पाते मोडले आणि त्याचे तुकडे नॅनटकेटच्या किनाऱ्यावर वाहून आले. ऐन उन्हाळ्यात समुद्रस्नान बंद ठेवावे लागले. पाते बनवणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षी बेटाला एक कोटी पाच लाख डॉलर भरपाई दिली. केप विंडचे जुने विरोधक यावर काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

आणि ज्या ऱ्होड आयलंडचे मी एवढे गोडवे गायले तिथेच २०२३ साली मच्छीमारांच्या सल्लागार मंडळाच्या सर्व सदस्यांनी एकदम राजीनामे दिले. पाच चक्क्यांच्या वेळी आमचे ऐकले. आता शेकड्यांनी चक्क्या येतात, प्रत्येक प्रकल्प वेगळा तपासला जातो, आम्ही सांगतो आणि तरी मंजुरी मिळते, असा त्यांच्या तक्रारीचा सूर होता. नकाशा २०१० चा. तो करताना एवढी गर्दी कोणी धरली नव्हती. मग जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने नवे पट्टे देणेच थांबवले, आणि ऑगस्टमध्ये रेव्होल्यूशन विंड या ऐंशी टक्के पूर्ण झालेल्या प्रकल्पाचे काम बंद पाडले. सप्टेंबरात न्यायालयाने ते पुन्हा सुरू करू दिले. मच्छीमारांचा राग आणि वॉशिंग्टनचे राजकारण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण तेव्हापासून त्या एकातच मोजल्या जातात, आणि त्यात मच्छीमारांचेच नुकसान आहे.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे वाटेल. पण भारताने स्वतःचे समुद्री पवनऊर्जा धोरण ऑक्टोबर २०१५ मध्येच जाहीर केले आहे. त्याआधी २०१३ पासून युरोपीय संघाच्या मदतीने पाहणी सुरू होती. तिच्यात गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी आठ पट्टे सुचवले गेले. गोव्याचा समुद्र त्यात नाही. तरी पहिल्या जागेचे नाव ऐकून आम्ही कान टवकारायला हवेत: खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावाव बंदरापासून २३ किलोमीटरवर. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे समुद्रात एक फलाट उभारून लेसर किरणांनी वारा मोजण्याचे यंत्र बसवले गेले. त्याच किनाऱ्याने पश्चिमेला काही तासांच्या बोटीच्या अंतरावर दीव. १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवटीत आणि पुढे १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव या एकाच संघप्रदेशात आमच्याबरोबर असलेले दीव. आणि पिपावावच्या शेजारी जाफराबाद, जे संस्थाने विलीन होईपर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होते. मराठ्यांच्या इतिहासातला सिद्दी आपल्याला राजापुरीच्या खाडीत भेटतो, पण त्याचे एक ठाणे इथेही होते.

बोंबील म्हटले की आपल्याला मुंबई आठवते. प्रत्यक्षात देशातला फार मोठा वाटा गुजरातचा, आणि जाफराबाद हे त्याचे मोठे बंदर. बोंबील डोलीने पकडतात. डोल म्हणजे पिशवीसारखे लांबलचक जाळे. ते ओढायचे नसते. खुंटाला किंवा नांगराला बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरून ठेवायचे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा ओघ जबरदस्त, त्या ओघानेच मासा आत येतो. म्हणून डोल कुठेही लावून चालत नाही. ओघ, खोली आणि तळ जमून आलेली जागाच लागते. ट्रॉलरला एक जागा गेली तर दुसरीकडे जाता येते. डोलवाल्याची जागा गेली की धंदा गेला. पवनचक्कीच्या खांबाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र आखण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात आहे. चक्क्या किलोमीटरभर अंतराने लावल्या आणि हे क्षेत्र पुरते वापरले तर मध्ये डोल लावायला काय उरते, याचा हिशोब शाळकरी पोरही करील.

आमच्या गोव्यात साठच्या दशकापासून ट्रॉलर आले आणि त्यांनी किनाऱ्यालगतचा तळ खरवडायला सुरुवात केली, तेव्हा रापणकारांनी माथानी साल्ढाणांसारख्यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरना बंदी झाली. तो कायदा गोवा, दमण आणि दीवचा होता. म्हणजे ज्या पाण्याबद्दल आज बोलणे चालू आहे त्याच्या शेजारचे दीवचे पाणीही त्याच रेषेत बसत होते. ती रेषा पाळली किती गेली हा वेगळा प्रश्न, रापणकारांना विचारा. पण समुद्रावर कूळ म्हणून नोंद व्हावी यासाठी झालेला तो या देशातला एक पहिला प्रयत्न होता.

सरकारी पातळीवर पुढे काय झाले ते थोडक्यात. २०१८ साली केंद्राने पहिल्या १००० मेगावॅटसाठी कंपन्यांना विचारणा केली, तर ३५ कंपन्या पुढे आल्या. त्याच वर्षी २०२२ पर्यंत ५००० आणि २०३० पर्यंत ३०,००० मेगावॅटचे लक्ष्य जाहीर झाले. २०२२ उलटले तेव्हा समुद्रात एकही चक्की नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ दीव आणि उना यांच्या दरम्यान जमिनीवर आले, जाफराबादच्या बंदरात बोटींचा चुराडा झाला. इथे उभ्या राहणाऱ्या चक्कीला काय सोसावे लागेल तेही कळले. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रतळ भाड्याने देण्याचे नियम आले. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची मदत मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी आणि दोन बंदरे सुधारण्यासाठी. सप्टेंबरमध्ये गुजरातच्या ५०० मेगावॅटची निविदा निघाली. २०२५ साली ती रद्द झाली.

धोरणाच्या कागदात संरक्षण, गृह, परराष्ट्र, पर्यावरण, जहाजवाहतूक अशा अनेक मंत्रालयांच्या परवानग्यांची वाट आखलेली आहे. केप विंडसारखी १८९९ च्या कायद्याची शोधाशोध आपल्याकडे करावी लागणार नाही, ही जमेची बाजू. सरकारने वारा मोजला, तळ तपासला, आधी पट्टे आखले, हेही बरोबर. निविदा फसली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतील. मला त्यात एक फायदा दिसतो. पुन्हा निविदा काढेपर्यंत वेळ आहे, आणि ऱ्होड आयलंडला आराखड्यासाठी दोनच वर्षे लागली होती. जाफराबाद, राजपरा, नवाबंदर आणि दीवचे वणाकबारा या गावांतल्या तांडेलांना कोणाची डोल कुठल्या ओघात लागते ते तोंडपाठ आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, माणसे घरी असतात, नकाशा पुढ्यात ठेवून बसायला तेच दिवस बरे.